गोलामागचे काका

शहाडला आमच्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम नवीन निघाली, तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही हरतच होतो. मी गोलकीपर. जवळच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेले एक काका डबा काखेत धरून रोज माझ्या गोलामागे उभे राहायचे. सुटलेला बॉल आणून देताना हळूच म्हणायचे, "बॉल बघू नको, मारणारीचा टेकलेला पाय बघ. बॉल कुठे जाणार ते तो आधी सांगतो."

एका मॅचमध्ये सहा गोल खाल्ल्यावर मी चिडून म्हणाले, "काका, आम्हाला शिकवायला सर आहेत."

"बरोबर आहे, बाळा," म्हणाले आणि निघून गेले. परत आले नाहीत.

तिसऱ्या वर्षी आम्ही पहिली मॅच जिंकलो. पेढे घेऊन मी काकांना शोधत कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमनने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

दोन वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं.