कोडमध्ये नसलेला भोंगा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. वीसेक वर्षं मशीनसाठी प्रोग्राम लिहितेय, तेही सी भाषेत. मशीन चुकलं की चूक माणसाचीच असते आणि ती शोधायला मलाच बोलावतात... त्यामुळे अमानवीय वगैरेसाठी माझ्याकडे वेळच नसतो. तरी लिहितेय, कारण ऑफिसात सांगून झालं, घरी सांगून झालं. आता थकले.

मी नाशिकला, अंबडच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनवतो — खोलीचं तापमान सांभाळायचं आणि अमोनिया गळाला तर भोंगा वाजवायचा. अमोनिया म्हणजे थंडाव्यासाठी पाइपातून फिरणारा गॅस. बंद खोलीत सुटला तर माणूस गुदमरून मरतो. द्राक्षांच्या ऐन सीझनमध्ये पिंपळगाव बसवंतहून तक्रार आली, तीन नंबरच्या खोलीचं तापमान स्क्रीनवर भलतंच दिसतंय. गेले.

दुपारची जेवणं उरकून कामावरच्या बायका द्राक्षांचे क्रेट रचायला पुन्हा त्याच खोलीत शिरल्या होत्या. मी बाहेर पॅनेलसमोर स्टुलावर. लॅपटॉप अजून उघडलाही नव्हता, तोच त्या खोलीचा भोंगा बोंबलायला लागला.

सुपरवायझर दत्तूभाऊ धावत आले. "मॅडम, काय दाबलं वो?"

"काहीच नाही. अजून वायरसुद्धा जोडली नाही मी."

पॅनेल उघडलं. तीन नंबरचा गॅस सेन्सर अजून बसवलेलाच नव्हता! त्याच्या वायरचं टोक टेप गुंडाळून तसंच लोंबत होतं. म्हणजे गॅस आहे की नाही, हे मशीनला कळायला मार्गच नव्हता. मी म्हणाले, "खोटा अलार्म आहे." तेवढ्यात भोंगा आपोआप थांबलासुद्धा.

बायका कुडकुडत बाहेर आल्या होत्या. दत्तूभाऊ वैतागले, "चला गं, आत व्हा. गाडी खोळंबलीय." बाकीच्या वळल्या, पण सिंधूबाई म्हणून एक होत्या, त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"मी नाय जात, अन् ह्यांनाबी जाऊ देनार नाय. आदी त्यो का वाजला ते सांगा."

"अहो बाई, मशीनची गडबड आहे," मी म्हणाले.

"मग गडबड मिटवा. मग जातो."

हा वाद चालू असतानाच आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. दाराच्या फटीतून पांढरा लोट... डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. पदर, रुमाल, जे हाताला लागलं ते नाकाला लावून आम्ही सगळे रस्त्याकडे पळालो. छताजवळचा पाइप सांध्यात सुटला होता. आत कुणी नव्हतं.

आपला भोंगा वेळेवर वाजला म्हणून ऑफिसात साहेब खूश. मी मात्र कोड उघडला. गॅसचा आकडा ज्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या कप्प्यात येतो, त्याला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. तीन नंबरचा सेन्सर कोडमध्येही बंद ठेवलेला, त्यामुळे तिथे काय असेल, ते सांगता येत नाही. सी भाषेत याला अनडिफाइंड बिहेवियर म्हणतात — पुढे काहीही होऊ शकतं, भाषा जबाबदारी घेत नाही. मला हायसं वाटलं. कचरा आकडा आला, भोंगा वाजला, पाइप फुटला तो योगायोग. संपलं.

पण सवयीनं चिपमध्ये प्रत्यक्ष काय गेलंय तेही पाहिलं. आपण लिहिलेलं मशीनच्या आज्ञांमध्ये बदलतो तो कंपायलर, आणि अशा ठिकाणी त्याला पूर्ण मोकळीक असते. त्यानं ती घेतली होती. त्या खोलीचा भोंगा वाजवायचा भागच त्यानं अनावश्यक समजून काढून टाकला होता. पिंपळगावची चिप मागवून घेतली, आतलं वाचलं. तेच. तीन नंबरचा भोंगा वाजव, ही आज्ञा त्या मशीनमध्ये नव्हतीच.

भोंग्याला वीज देणारा रिले चिकटला असेल, वीज वरखाली झाली असेल... साहेबांनी सुचवलं ते सगळं तपासलं. सगळं ठणठणीत. शेवटी ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, माणसं वाचली." खरंच आहे. पण डोक्यातून जात नाही.

कोड दुरुस्त करून, सेन्सर बसवायला मी परत गेले. चाचणी घेतली, भोंगा वाजला. सिंधूबाई हातातला क्रेट खाली ठेवून जवळ आल्या.

"आता नीट झाला का वो?"

"झाला. आता गॅस सुटला की लगेच वाजेल."

"सुटल्यावर?"

"हो."

त्या वर भोंग्याकडे बघत राहिल्या. "तवा तर सुटायच्या आदी वाजला व्हता."

मी पॅनेलचं झाकण लावलं. त्यांनी स्वेटरची बटणं लावली, क्रेट उचलला आणि आत गेल्या.