मंडईला निघालेली खुर्ची

माझ्या वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. आमच्या गल्लीत हे नाव न अडखळता उच्चारणारा एकच माणूस होता, माझा दादा, आणि उच्चारायची एकही संधी तो सोडत नसे. बाकीच्यांच्या लेखी तो नसांचा आजार. वहिनीचे पाय गेले होते, डोळे अधूनमधून दगा देत. जीभ मात्र शाबूत होती.

एकोणीसशे साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती आणि वहिनीचा एकच हट्ट होता: लालबर्ऱ्याजवळच्या माहेरच्या मंडईला जायचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गुरं राखणारे गोवारी लोक सजवलेल्या उंच काठ्या, म्हणजे ढाली, नाचवतात. लेकी-जावई गोळा होतात. गेल्या वर्षी वहिनीची मंडई बुडाली होती. यंदाही दादाचं उत्तर ठरलेलं होतं, "तुले बसमंदी चढवन कोन?"

अशात नागपूरहून एक तरुण डॉक्टर आले. असा रोगी सांभाळणाऱ्या माणसाला किती ताण येतो आणि तो ते कसं निभावतो, हे त्यांना मोजायचं होतं. मोजमापाचं साधन म्हणजे पुठ्ठ्यावर काढलेली एक शिडी. तळाची पायरी निवांत, वरची असह्य. आपली पायरी बोटानं दाखवायची. प्रश्न एकांतात विचारायचे, असा त्यांचा नियम होता. पण आलेल्या पाहुण्याला एकटं सोडणं आमच्या गल्लीत बसत नाही. त्यामुळे एकांताला शेजारची मावशी, तिची सून आणि समोरच्या घरचे दोघे भाऊ हजर होते.

दादाचं बोट थेट सगळ्यात वरच्या पायरीवर गेलं.

"पडान," वहिनी खाटेवरून म्हणाली. "उतरा जरा खाली."

"ताण हलका करण्यासाठी आपण काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्राणायाम."

"घोरन्याले प्राणायाम म्हन्तेत, हे मले आजच समजलं," वहिनी म्हणाली.

डॉक्टर खोकले. "आपल्या मदतीला कोण असतं?"

"कोणी नाही," दादा हुतात्म्याच्या आवाजात म्हणाला. "एकटाच."

वहिनीचं न्हाणं, वेणीफणी रोज मावशीच्या हातची. ती दादाकडे बघत ताडकन उठली. "हौ का बाबूजी? मंग मी कोन, भूत?"

"अन् दवाखान्यात उचलून कोनं नेलतं?" भावांपैकी थोरला म्हणाला.

दादाचं बोट एक पायरी उतरलं. वहिनीनं वेळ साधली. "मावशी, मले उचलाले मानूस नाही म्हून माही मंडई राह्यली म्हनं."

"काहून राह्यली? खुर्चीवर बसवू, चौघं मिळून उचलू!"

"पण यात मी नेमकं काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं. तोवर बस कोणती धरायची यावर वाद सुरू झाला होता. दिवाळीनंतर पुन्हा मोजायला येतो म्हणून ते उठले.

भाऊबीज उलटली आणि आम्ही निघालो. बसपाशी खुर्ची पाहून कंडक्टर म्हणाला, "इतना सामान नहीं चलेगा."

"सामान किसको बोला रे?" मावशी कडाडली. "बेटी है हमारी, मायके जा रही!"

खुर्ची टपावर गेली, वहिनी खिडकीशी. वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव ती मोठ्यानं सांगत होती, जणू आम्ही परदेशी आहोत.

मंडईत ढाली नाचायला लागल्या आणि तेवढ्यात धुळीतून एक जीप आली. आमच्या दाराला कुलूप पाहून डॉक्टर विचारत विचारत इथवर आले होते. ते सरळ दादापुढे आले आणि पुठ्ठ्याची शिडी धरून म्हणाले, "आज कुठली पायरी?"

दादाचे दोन्ही हात खुर्चीखाली होते, कारण वहिनीला पुढच्या गर्दीमुळे काही दिसत नव्हतं. दोन पाय दोघा भावांनी धरले होते. मावशी जिलेबी घ्यायला गेली होती, म्हणून तिच्या वाट्याचा चौथा पाय लोंबकळत होता.

"ते ठेवा आधी," दादा म्हणाला. "इकडून धरा."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, पुठ्ठा दातांत धरला आणि खुर्चीचा पाय उचलला.

"अजून वर," वहिनी म्हणाली. "अन् जरा डावीकडं. हां. आता दिसते."