पुलाच्या फटीतला पिंपळ

पिंपळाचं रोप उपटण्याआधी शेजारचे काका त्याला हात जोडायचे. मग पेचकस फटीत घालून मुळासकट बाहेर. रोप दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावून देवळामागे ठेवायचे. पिंपळ मारायचा नाही, पण पुलावर राहूही द्यायचा नाही.

"ल्हान आसतानाच काढूचो, बाय. मगे तो दगडाक सोडणा नाय."

जोगेश्वरीत आमच्या वस्तीमागे नदीवर तीन कमानींचा जुना दगडी पूल आहे. नदीला सगळे नाला म्हणतात, त्यामुळे पुलाकडे बघतो कोण? तुम्हीही गेला असाल त्यावरून, नाकाला रुमाल लावून.

गिरणी बंद पडल्यावर काका गवंडीकाम शिकले. दर उन्हाळ्यात पुलाच्या फटींत चुना भरायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

रस्त्यासाठी पूल पाडायचं ठरलं, तेव्हा आम्ही मोहीम काढली. पत्रकं मी लिहिली. शेवटची ओळ जाड ठशात: 'या पुलाला कुणीही हात लावायचा नाही.' काकांनी चष्मा पुसून वाचलं.

"झकास लिवलंस. कोणीच म्हंजे मी पण?"

"काय काका, तुम्ही काय त्यांच्यातले?"

आम्ही जिंकलो. पूल संरक्षित झाला, फलक लागला, त्यावर जवळपास माझीच ओळ. त्या उन्हाळ्यात काका चुन्याची बादली घेऊन गेले, तर रखवालदाराने त्यांना हाकललं. मी परवानगीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, तज्ज्ञ पाहणी करतील. तीन पावसाळे गेले, तज्ज्ञ कसले येतात!

काका दारात येऊन विचारायचे, "काय झाला गो अर्जाचा?"

"होतंय काका."

काही होत नव्हतं. मी दुसऱ्या मोहिमेत होते. मोर्चांत पालिकेच्या साहेबांच्या नावाने घसा फोडणारी मी, त्या अर्जामागे एकदाही गेले नाही.

यंदा होळीनंतर काका गेले. काकींनी त्यांची पेचकसाची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "तुकाच देऊक सांगल्यानी."

दुसऱ्याच दिवशी पुलावर गेले. मधल्या कमानीतला पिंपळ मनगटाएवढा झालाय. पेचकस घातला, तर पेचकसच वाकला. पिंपळाशेजारचा दगड मात्र हलला.

"ओ मॅडम, बोर्ड वाचला नाय काय?" रखवालदार.

"वाचलाय."

पेचकस परत ठेवायला पिशवी उघडली. तळाशी दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या. धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेल्या.