वळणाबाहेरची खडी

दुसऱ्या दिवशी लेकीची मोटारसायकलची शर्यत होती. आदल्या संध्याकाळी सगळे स्पर्धक ट्रॅक पायी फिरून बघतात, म्हणून मीही तिच्याबरोबर निघाले. एका वळणाबाहेर खडीचा रुंद पट्टा पसरलेला दिसला.

"गाडी घसरली तर इथे रुतून थांबते," ती म्हणाली. "आधी इथे भिंत होती."

"मग ती का काढली?"

ती पुढे चालू लागली.

मला वाटत होतं, एवढा देखणा ट्रॅक कुणीतरी एका बैठकीत कागदावर काढला असेल. पण इथली प्रत्येक मऊ जागा कुणीतरी आपटल्यावरच मऊ झाली असणार.

"आई, चल ना!"

मी निघाले खरी, पण नजर पुढच्या वळणावर खिळली होती. तिथे अजून भिंतच होती.