खुबूसवाल्याचं भाकीत

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावात आमच्या घराजवळ एक इराणी खुबूसवाला, म्हणजे अरबी रोट्या भाजून विकणारा, होता. त्याच्या देशात आंदोलन पेटलं, त्या उन्हाळ्यात शुक्रवारी सकाळी भट्टीपुढच्या रांगेत एकच चर्चा असायची: तिथले सर्वोच्च धर्मगुरू उद्या गेले, तर गादीवर कोण? आम्ही पुण्याचे इंजिनियर, आमचा दर आठवड्याला नवा अंदाज. हा मात्र न चुकता एका महाकडक मौलवीचंच नाव घ्यायचा आणि रोटी भट्टीच्या भिंतीवर फाडकन थापायचा. त्याच मौलवीचा भक्त दिसतोय, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा रांगेत मी एकटाच होतो. विचारलं, “एवढा आवडतो तो तुम्हाला?”

तो खो खो हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, तो कधीच गादीवर बसत नाही. म्हणून त्याचं नाव रोज घेतो.”

“मग तुम्हाला कोण हवंय?”

हातातला गोळा त्याने परत खाली ठेवला.

“ते नाव मी फोनवरसुद्धा घेत नाही. मुलगी तिथे कॉलेजात आहे.”

पुढच्या शुक्रवारी विषय निघाला, तेव्हा त्या मौलवीचं नाव सगळ्यांच्या आधी मीच घेतलं. चांगलं मोठ्याने.