जोडीनं बसायचं होतं

"पूजेले जोडी लागते. आमदार साहेबाची जोडी कुठी हाय?"

माईक मालकाच्या हातात होता. तलाव काठोकाठ भरलेला, सांडवा वाहत होता आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, अख्खं गाव उभं होतं. आमच्या भागात तलाव भरला की जलपूजन करतात. तलावाची ओटी भरायची. आमदार आणि त्याची बायको जोडीनं पाटावर बसतात, बायको साडी-खण पाण्यात सोडते. ताटात हिरवी साडी होती. पाट दोन मांडले होते. आमदार मी. मला बायको नव्हती, आणि हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मालक म्हणजे जुन्या मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा, नातू. मालगुजारी कधीच गेली, तलाव सरकारचा झाला, पण गाव अजून त्याला मालकच म्हणतं. तो माझ्याच पक्षाचा. माझ्या तिकिटावर त्याचा डोळा होता.

माझ्या मागे विलास उभा होता. पोंभुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतला. आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचा. मी निवडून आल्यावर नोकरी सोडून माझं कार्यालय सांभाळायला आला. लोक त्याला पीए साहेब म्हणत. आम्ही एका घरात राहतो, एका ताटात जेवतो. तेवढं सगळ्यांना दिसत होतं. त्यापुढचं कोणी विचारत नव्हतं, मी सांगत नव्हतो.

मालक विलासकडे बघून म्हणाला, "नाई तं असं करा. पीए साहेबालेच नेसवा थे साडी. बसू द्या जोडीनं."

पाळ हसली. बंदोबस्ताचे पोलीस हसले. तहसीलदारांनी तोंडाला रुमाल लावला. मालकानं बायकोला हाक मारली आणि दोघं पाटावर बसले. ज्या तलावाच्या दुरुस्तीसाठी मी मंत्रालयाचे उंबरठे झिजवले, त्या तलावाची ओटी मालकिणीनं भरली. मी बाजूला उभा. विलास गर्दीतून निघाला आणि गाडीत जाऊन बसला, काच वर करून. तो काय करत होता ते मला दिसत नव्हतं. माझं अंग जळत होतं.

आम्ही ढीवर, मासेमार. त्याच तलावात बाप जाळं टाकायचा. पहिला मोठा मासा मालकाच्या घरी पोचवायचा, अशी रीत होती. बाप मासा घेऊन दाराशी उभा राहायचा. आतून भांडं यायचं, मासा जायचा, भांड्याला हात लागू द्यायचा नाही. मी मच्छीमार सोसायटीत भांडून मोठा झालो. तलावाचा ठेका सोसायटीलाच मिळावा म्हणून तीन वेळा आत गेलो. सरपंच झालो, जिल्हा परिषदेत गेलो, मग आमदार. मला वाटलं होतं, आता दाराशी उभं राहणं संपलं.

आई त्या दिवशी गर्दीत होती. घरी आल्यावर जेवायला वाढलं, समोर बसली. मग म्हणाली, "तुया बाप त्याइच्या दारात उभा राह्यला. तू पाळीवर उभा राह्यला. मंग आमदार कायले झाला?"

मी म्हटलं, आई, तुला विलासचं माहीत आहे ना. ती म्हणाली, डोळे फुटले नाहीत माझे. आणि भाताचं पातेलं उचलून आत गेली. ते रागानं होतं की कशानं, मला आजही सांगता येत नाही.

चार दिवसांनी विश्रामगृहावर पत्रकार आले होते. वाघानं मारलेल्या माणसांच्या भरपाईबद्दल बोलणं झालं. उठता उठता एकानं गालात हसत विचारलं, पाळीवर काय झालं म्हणे साहेब? मी परत बसलो.

"झालं थे खरं झालं. विलास माया नुसता पीए नाई. आमी दोघं संगं राह्यतो, जन्माचे. मले बायको कराची नाई."

पेनं थांबली. एकानं विचारलं, म्हणजे कसं लिहायचं?

"समलिंगी. असाच शब्द लिवा."

बोलून झाल्यावर भूक लागली, हे मला चांगलं आठवतं. कित्येक दिवसांनी नीट भूक लागली होती.

पुढचे दिवस सोपे गेले असं कोणी समजू नये. माझ्या फोटोला कुंकू लावून तो मोबाईलवर फिरवला गेला. मंडपात हार घालणारे हात मागे झाले. विलासच्या भाचीची ठरलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे बसून सांगितलं की आमची हरकत नाही, पण चार लोक बोलतात. विलासची बहीण फोनवर रडली. तेव्हापासून विलास बोलायचा कमी झाला.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं. तलावांच्या प्रश्नावर बोलायला मी उभा राहिलो, आणि मागच्या बाकावरून टाळी वाजली. शाबासकीची नव्हे. तृतीयपंथी पंजा आडवा मारून वाजवतात ती. मग दुसरी. कायदे करणारी माणसं. अध्यक्षांनी शांत राहा म्हटलं, पण कोणाला म्हटलं ते कळलं नाही. मी भाषण अर्धवट सोडलं नाही. तलाव, गाळ, ढिवरांचा हक्क, सगळं बोललो.

संध्याकाळी पक्षाच्या साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. चहा दिला. पाठीवर हात ठेवला. मालकाचं नाव तिकिटासाठी वर गेलं आहे, पण तुमच्यासारखा लढणारा गडी आम्हाला गमवायचा नाही, असं बोलले. एकच करायचं. लग्न. कोरपन्याकडची मुलगी पाहिली आहे. घर गरीब आहे. बापाला सिमेंटच्या कारखान्यात वाहतुकीचं काम लावून देऊ. पत्रकारांचं काय, शब्द फिरवता येतो. विलासनं दोन वर्षं जिल्ह्याबाहेर राहावं. मग सगळं विसरतात लोक.

बाहेर गाडीत विलास होता. मी त्याला येऊन सांगितलं. तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "करून टाक लगन. तुया आमदारकीपायी किती जणाईचं वाटोळं कराचं? मी जातो कुठी बी."

मला त्याचा राग आला. मग लाज वाटली. सोयरीक त्याच्या भाचीची मोडली होती, माझं काही मोडलं नव्हतं. खरं सांगतो, त्या वेळी माझं मन डळमळलं. आमदारकी मला हवी होती. अजून हवी आहे. ढिवराचं पोर तिथं पुन्हा कधी पोचेल, कोण जाणे.

मी परत आत गेलो. साहेबांना एकच विचारलं.

"त्या पोरीले सांगतलं काय?"

साहेब हसले. "तिले काय सांगाचं काम हाय? आमदारीण होईल थे."

तिथं माझं डोकं लख्ख झालं. हे बोलणं मी जन्मभर ऐकत आलो होतो. बापाला कोणी विचारलं नाही, मासा देतोस का. पाळीवर मला कोणी विचारलं नाही. आता ती कोण कुठली पोर, तिलाही कोणी विचारणार नव्हतं. आणि या वेळी न विचारणारा मी असणार होतो. माझ्या घरात ती झिजली असती, आणि बाहेर तिला लोक वहिनी म्हणून नमस्कार करत राहिले असते. मालकाला शिव्या देत देत मीच मालक झालो असतो.

मी म्हटलं, "नाई."

साहेबांचा हात पाठीवरून निघाला. विचार करा, म्हणाले. मी म्हटलं, झाला करून.

तिकीट मालकाला मिळालं. मी अपक्ष अर्ज भरला आहे. विलास सोबत आहे, पण खूश नाही. मीही नाही. सोसायटीतले काहीजण अजून डोळ्याला डोळा देत नाहीत. आई प्रचाराला येते, गाडीत मागे बसते, कोणी विचारलं तर म्हणते माझा पोरगा हाय, आणि पुढचं बोलत नाही.

मी पडेन, असं सगळे म्हणतात. पडेन कदाचित. पण मत मागायला ज्या दारी जातो, तिथं मी कोण आहे आणि कोणासोबत राहतो, हे आधी सांगतो. दार लावून घ्यायचं असेल तर माझ्या तोंडावर लावा. कोणाच्या पोरीच्या आडोशानं मी आत येणार नाही.