छावणीतली गिटार

ज्या वर्षी आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, त्या वर्षी मी दोन बैल घेऊन चौसाळ्याच्या अलीकडच्या चारा छावणीत राहायला गेलो आणि तिथं एक गिटार बनवली. हे कुणालाही सांगितलं की माणूस आधी बैलांबद्दल विचारतो. बैल बरे राहिले. मी गिटारीचं सांगतो.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी लाकडी साचे करायचो. यंत्राचा एखादा भाग ओतायचा असला की आधी त्याचं लाकडी रूप घडवतात, तो साचा. ओतून झालं की भाग यंत्रात जातो आणि साचा अडगळीत. चौदा वर्षं मी हेच केलं, आणि मधल्या वेळात साहेबांच्या मोडक्या खुर्च्या जोडल्या. एकदा गेस्ट हाऊसला उतरलेल्या इंजिनियरची गिटार पडून फुटली, ती माझ्याकडं आली. मी तिची पाठ उघडली आणि बघतच राहिलो. वरची फळी नाण्याएवढी पातळ, आणि तिला आतून बारीक पट्ट्यांचा आधार. जोडून देण्याआधी मी तिचं एकूण एक माप कागदावर उतरवून घेतलं. असली एक आपण करायची, पहिल्या फळीपासून शेवटच्या तारेपर्यंत, हे तेव्हाच ठरलं. वाजवता मला येत नव्हती. पण निदान एक तरी वस्तू अशी करायची होती जी काम झाल्यावर अडगळीत जाणार नाही आणि जी माझी अख्खी असेल.

मग पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलं. कारखान्यासाठी लावलेला थोडाफार ऊस जनावरांचा चारा म्हणून छावणीत येऊ लागला. वडिलांचा दमा बळावलेला, त्यामुळं बैलांबरोबर मला जावं लागलं. बैलांच्या पाठीवर झूल नव्हती, माझ्या खांद्यावर मात्र करवत, रंधा, फळ्या आणि सरसाचा डबा होता. छावणी आमच्याच भागातली एक सहकारी संस्था चालवायची. सकाळी जनावरांची हजेरी, मग चाऱ्याचं वाटप, मग दिवसभर ताडपत्रीखाली नुसतं बसणं. पत्ते खेळणाऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "काय बे, पाळणा करतो का काय?"

"गिटार."

त्यानंतर अख्खी दुपार त्यांची हसण्यात गेली. माझ्या नाकावर राग कायमचा राहायला असतो. मी रंधा उचलला आणि ठरवलं, आता तर हिला छावणी उठायच्या आत पुरी करणार.

वरच्या फळीसाठी कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यातून आली त्याचं देवदार जपून ठेवलं होतं. मान सागवानी. पाठ आणि बाजू शिसवाच्या. शिसवाच्या बाजूसाठी माझ्याकडं मोजून तीन पट्ट्या होत्या, लागतात दोन. फुटक्या काचेनं खरवडून खरवडून त्या पातळ केल्या. आता त्यांना कंबर द्यायची होती, म्हणजे भिजवून, तापल्या नळीवर दाबून वाकवायचं होतं. नळी सोपी. आमच्या रानातला बोअर कोरडा गेला होता, त्याच्या केसिंग पाइपचा तुकडा होता. आत निखारे घातले की झालं. पण पट्ट्या रात्रभर बुडतील एवढं पाणी कुठून आणणार? टँकर एक दिवसाआड यायचा, माणशी दोन हंडे.

जनावरांचा हौद मात्र भरलेला असायचा. मी मनाशी म्हटलं, लाकूड काय पाणी पितं? बुडवायचं, सकाळी काढायचं, पाणी आहे तेवढंच. चौदा वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला शिसवाचा रंग सुटतो हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण हट्टाला पेटलेलं डोकं एवढंच आठवतं जेवढं त्याला सोयीचं असतं.

सकाळी हौदातलं पाणी काळपट तांबडं झालेलं. पहिला बैल हौदाशी आला, पाणी हुंगून फुरफुरला आणि मागं फिरला. मग दुसरा. मग सगळी छावणी हौदाभोवती आणि मी मधोमध हातात निथळत्या पट्ट्या घेऊन.

सगळ्यात मोठा आवाज होता आमच्या शेजारच्या दावणीच्या मावशीचा. मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात, आणि ही म्हातारी पहिलटकर गाय घेऊन छावणीत. "माझी गाय गाभण हाय, रं," ती ओरडली, "अन् तू तिच्या तोंडचं पाणी लाकडाला पाजलंस? काढा याचे बैल भाईर!"

संस्थेचा व्यवस्थापक तसा शांत माणूस होता. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "एक तर बैल जातील, न्हाईतर ते लाकूड. तू ठरीव."

मला आज लाज वाटते ती एवढ्याचीच, की उत्तर द्यायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी खरोखर तोलून पाहिलं. दाव्याला बांधलेली आमची दोन जितराबं, आणि हातातल्या तीन पट्ट्या. मग म्हणालो, "भाऊ, दोन्ही राहू द्या. हौद मी धुतो, आणि जेवढं पाणी नासलं तेवढं आणून भरतो."

"कवा भरशील?" मावशीनं विचारलं.

"भरल्याशिवाय करवत धरणार न्हाई."

नऊ दिवस लागले. अडीच कोसावर एका विहिरीला तळाशी पाणी होतं. मालकानं रोजचे चार कॅन घ्यायला परवानगी दिली. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून मी दिवसाला दोन खेपा करायचो. चढाला सायकल ढकलताना मी त्या गिटारीला, तिच्या कंबरेला आणि माझ्या अकलेला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मावशी प्रत्येक कॅन उघडून ओंजळीत पाणी घ्यायची, वास घ्यायची आणि मगच हौदात ओतू द्यायची. नवव्या दिवशी तिनं फक्त मान डोलावली.

त्यानंतर मी माझ्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या पट्ट्यांसाठी ठेवू लागलो. अंघोळ बंद केली. तशीही ती नावालाच होती. ओलं गोणपाट पट्टीवर गुंडाळून तापल्या नळीवर धरायचं, वाफ निघाली की हळूहळू दाबायचं. पहिली पट्टी कंबरेशी आली आणि कडकन तुटली. घाई केली होती. उरल्या दोन. आता चुकायला जागा नव्हती. मी दोन दिवस हातच लावला नाही, नुसता बैलांजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी एक वाकवली, पाचव्या दिवशी दुसरी. हाताला फोड आले, पण कंबर आली.

शिकंजे नव्हते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळून सांधे दाबले. पत्ते खेळणारे आता हसत नव्हते. एकानं तर न मागता ट्यूब आणून दिली. मानेवर बसवायचे धातूचे पडदे आणि तारा मी बीडला, पेट्या-तबले विकणाऱ्या दुकानातून आणल्या.

छावणी उठायला आठवडा राहिला तेव्हा तारा चढवल्या. चौथी तार ताणली आणि फाटकन आवाज झाला. तारा जिच्यावर अडकवतात ती पट्टी फळीवरून उखडून माझ्या कानाजवळून गेली. बैल उठून उभे राहिले. कारण लगेच समजलं. शोभेसाठी मी आधी सगळीकडं पॉलिश मारलं होतं आणि पॉलिशवर सरस धरत नाही. वर्कशॉपमधल्या शिकाऊ उमेदवारानंही केली नसती अशी चूक. त्या क्षणी मी गिटार उचलून चुलीत घालणार होतो, खरंच. मग खाली बसलो आणि काचेच्या तुकड्यानं तेवढ्या जागेचं पॉलिश खरवडायला लागलो.

तीन दिवसांनी पुन्हा तारा चढवल्या. या वेळी सगळे लांब उभे राहिले. मावशी मात्र शेजारी येऊन बसली. एक, दोन, तीन, चार. पाचवी. सहावी. लाकूड जरासं करकरलं आणि गप्प झालं. मी अंगठ्यानं जाड तार छेडली. आवाज माझ्या छातीत उतरला.

"वाजव की," मावशी म्हणाली.

"येत न्हाई, मावशी."

"आँ? मंग येवढं कावून केलंस? पानी वाहिलंस, हात पोळून घेतलेस."

"आपल्याला एक अख्खी वस्तू करता येती का, बघायचं व्हतं."

तिनं बोट पुढं केलं, तीच तार छेडली आणि आवाज पुरता विरेपर्यंत फळीवर तळवा ठेवून बसली. मग गुडघ्यावर हात टेकत उठली.

"आली की, लेका," ती म्हणाली, आणि गाईला चारा टाकायला गेली.

मी तिथंच, सगळ्या छावणीसमोर, तोंड न लपवता रडलो.